टाच, तळवा, चवडा, अंगठा

परवा व्हिडिओवर बोलताना धाकटीने मला विचारलं, "आजी, तू चालताना ओठ का हलवतेस? जप करतेस का?" तुमचे बाबा हसले आणि म्हणाले, आजी देवाचं नाव घेते. मी तेव्हा गप्प बसले, कारण फोनवर सांगण्याइतकी ती गोष्ट लहान नव्हती. मी देवाचं नाव घेत नाही. मी "टाच, तळवा, चवडा, अंगठा" असं म्हणते. हे मला कोणी शिकवलं ते आज टेबलाशी बसून, समास सोडून लिहिते आहे. दादाने धाकटीला वाचून दाखवावं. मधल्या ओळी गाळू नयेत.

तळोद्याच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते, तिथे विज्ञानाला एक बाई होत्या. माझ्याहून बऱ्याच मोठ्या. उंच, रुंद हाडाच्या, आणि साडी इतर बायकांपेक्षा वीतभर वर नेसणाऱ्या. घोटे सरळ दिसत. कोणी टोकलं तर म्हणत, "झाकायचा असता तर देवाने घोटा पायाच्या आत ठेवला असता." त्या मूळच्या तापीकाठच्या, प्रकाशाजवळच्या केळी पिकवणाऱ्या गुजर घरातल्या. घरात गुजरी बोलत, गावात अहिराणी. प्रमाण मराठी त्यांनी फक्त रागवायला राखून ठेवलेली होती. "मुलींनो, कृपया माझ्याकडे लक्ष द्यावे" असं शुद्ध वाक्य आलं की वर्ग चिडीचूप होई. बाकी सगळं, अगदी रक्ताभिसरणसुद्धा, अहिराणीत चाले. तुम्हाला पुढचं कळावं म्हणून सांगते: शे म्हणजे आहे, मन्हा म्हणजे माझा, तुले म्हणजे तुला, दखं म्हणजे बघ, काबर म्हणजे का, आणि बठी ऱ्हायनी म्हणजे बसून राहिली आहेस. फार अवघड तिथे त्यांचं बोलणं मी आपल्या मराठीत लिहिलं आहे, उरलेलं अंदाजाने समजेल. मलाही लग्न होऊन इथे आल्यावर अंदाजानेच समजलं होतं.

सहकाऱ्यांना त्या विषयाच्या नावाने हाक मारत. "ए गणित, डबा उघड." "भूगोल, तुन्हा तास शे." हेडसर कोणताच विषय शिकवत नसत म्हणून ते नुसते "सर". मी "इंग्लिश". मी पुण्याच्या कॉलेजात शिकलेली, खडू रंगवार लावून ठेवणारी, पिनेशिवाय पदर न घेणारी. त्यांच्या टेबलावर एका बाजूला उत्तरपत्रिका, दुसऱ्या बाजूला भुईमुगाची टरफलं. आमचं जमायला नको होतं. पण आमची घरं शेजारच्या गल्ल्यांत होती आणि शाळेत चालत जायचा रस्ता एक होता, त्यामुळे जमलं. त्या बरोबरीने मात्र कधी चालत नसत. दोन पावलं मागे राहत. शिकलेली सून म्हणून मान ठेवतात असं मला कितीतरी महिने वाटत होतं. एकदा मी विचारलंच.

"मान?" त्या म्हणाल्या. "मी तुन्हा खुबा दखी ऱ्हायनी. डावा वर जास, उजवा जात नही. पिशवी त्या खांद्यावरून या खांद्यावर घे. आणि मागे वळून बघू नको, कंबर वाकडी होस."

त्यांना चेहरे लक्षात राहत नसत. पाच वर्षं शिकवलेली मुलगी समोर उभी राहून "ओळखलं का बाई?" म्हणाली की बाई तिला सांगत, "जरा त्या झाडालोंग जाई ये." मुलगी झाडापर्यंत जाऊन परत यायच्या आत त्या तिचं नाव, गाव आणि वर्गातला बाक सांगत. शिक्षकांच्या खोलीत दाराकडे पाठ करून बसलेल्या असल्या तरी म्हणत, "भूगोल उनी. नवी चप्पल शे, अंगठाले चावस." भूगोलाच्या बाई दारातच थबकून पायाकडे बघत.

बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की त्या जीपच्या थांब्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसत. डोंगरातल्या गावांतून जीपा भरभरून खाली येत. बाई उतरणाऱ्यांचे गुडघे बघत. डोक्यावर मोळी घेऊन पायऱ्या नसलेल्या जीपमधून हात न टेकवता उतरणारी एखादी म्हातारी दिसली की त्या मला कोपराने ढोसत. "दखं, इंग्लिश. पुनाले शेतस का असा गुडघा?" केळीचा उत्तम वाण दाखवावा तसा अभिमान असे त्यांच्या आवाजात. पुण्यात मी कोणाचे गुडघे पाहिलेच नव्हते, त्यामुळे मला कबूल करावं लागे.

चपलांचा नाद तर विचारू नका. भूगोलाच्या बाईंच्या मुलीचं लग्न खापर गावी होतं. पंगत बसायची वेळ झाली आणि बाई कुठे दिसेनात. मी शोधत मंडपाच्या दाराशी गेले, तर त्या चपलांच्या ढिगात उकिडव्या बसून एकेक चप्पल उलटी करून बघत होत्या. वरपक्षाचा एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभा.

"काय शोधी ऱ्हायनी वं मावशी? तुन्ही चप्पल कोणती?"

"मन्ही ते पायमा शे," बाई मान वर न करता म्हणाल्या. "हाई कोनी शे, ते सांग."

त्यांच्या हातात एक जुना चामडी जोड होता. एका चपलेची टाच झिजून कागदासारखी झालेली, दुसरी जवळजवळ नवी. चौकशी केली, तेव्हा तो नवऱ्या मुलाच्या आजीचा निघाला. बाई सरळ तिच्या मुलाकडे गेल्या. "तुमच्या आईचा एक खुबा दुखतो. ती त्या पायावर भार देत नाही. तिला खाली पाटावर बसवू नका, खुर्ची द्या." मुलगा म्हणाला, आई कधी काही बोलली नाही. आजी मान खाली घालून म्हणाली, लग्नघरात कुठे रडगाणं गायचं. खुर्ची आली. सगळी पंगत खाली आणि मध्यभागी खुर्चीत ही आजी, मांडीवर ताट घेऊन, गादीवर बसलेल्या राणीसारखी. तिने हट्टाने बाईंना शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हाताने त्यांना दोन जिलब्या वाढल्या. निघताना बाईंनी तिला नंदुरबारच्या दवाखान्याचा पत्ता दिला. स्वतः त्यांनी कधी कोणाला औषध सांगितलं नाही, की कोणाचं हाड ओढलं नाही. "मी दखणारी," म्हणत. "करणारे ते."

आता सांगाड्याविषयी.

शाळेने मानवी सांगाडा मागवला होता. प्लास्टरचा, लोखंडी गजावर उभा. मोठ्या थाटात खोकं उघडलं, तर आत फक्त कमरेपासून खालचा माणूस. वरचा भाग मागून येईल असं कळवलं गेलं. तो आलाच नाही. हेडसर खोकं बांधून परत पाठवायला निघाले तेव्हा बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"परत कशाले? माणूस खालूनच सुरू होस, सर."

"अहो बाई, छाती नाही, डोकं नाही. काय शिकवणार?"

"ते मन्हाजोडे शे," बाई म्हणाल्या, म्हणजे ते माझ्याकडे आहे. आणि खरंच त्या सांगाड्याच्या मागे चिकटून उभ्या राहिल्या. कमरेखाली पांढरी हाडं आणि कमरेवर आमच्या बाई, पदर खोचलेला, चष्मा नाकावर. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी असंच शिकवलं. बरगड्या स्वतःच्या दाखवत, पाय सांगाड्याचे.

आणि पाय शिकवावेत तर त्यांनीच. खुबा म्हणजे उखळ आणि मांडीच्या हाडाचं डोकं म्हणजे त्यात फिरणारा गोळा. ते मांडीचं हाड अंगातलं सगळ्यात लांब, सगळ्यात दणकट, "पण मान बारीक, घरातल्या कर्त्या बाईसारखी, मोडते तर तिथंच." नडगी म्हणजे भार वाहणारी थोरली जाऊ. तिच्या शेजारचं पोटरीचं बारीक हाड म्हणजे धाकटी जाऊ: ओझं उचलत नाही, पण घोट्यापाशी तिच्यावाचून काही चालत नाही. मुली हसत, आणि हसताना जे कानात गेलं ते राहून जाई. दोन पावलांतच अंगातल्या हाडांचा चौथा हिस्सा असतो हे सांगताना मात्र त्या हसवत नसत. "चौथा हिस्सा," असं पुन्हा म्हणत आणि फळ्यावर लिहीत.

पहिल्या तासाला त्या सगळ्या मुलींना उभं करून दोन्ही हात कमरेवर ठेवायला लावत, खुब्याच्या हाडाची वरची कड बोटांना लागेपर्यंत. मग एका पायावर उभं राहायचं. यावरून एकदा एक पालक तक्रार घेऊन आले. मोठे शेतकरी, गावात वजन असलेले.

"सर, या बाई पोरींना कमरेवर हात ठेवून उभं राहायला शिकवतात. घरी आईसमोर तशीच उभी राहिली काल."

हेडसरांनी बाईंना बोलावलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "तेच शिकवते."

"अहो, पण पोरीची जात..."

"तुमची पोर पाठीत वाकून चालायची. आता ताठ चालते. दखं नही का तुम्ही?" गृहस्थ टोपी सारखी करून उठले. पाहिलं असावं. पुढे ती मुलगी पोलिसात गेली. अजून दिसली की लांबूनच दोन्ही हात कमरेवर ठेवते. तोच तिचा आमच्या शाळेला नमस्कार.

वर्ष संपताना, शेवटच्या तासाला, बाई सांगाडा वर्गाच्या मध्यभागी ठेवत आणि एकच प्रश्न विचारत: "याच्यात काय चुकलं शे?" मुली म्हणत, डोकं नाही. पोट नाही. पैंजण नाहीत. बाई मान हलवत. उत्तर कधीच सांगत नसत. मी विचारलं तर मलाही नाही. "तू रोज याच्यासमोरून जास, इंग्लिश. तुन्हं तू दखं."

एका वर्षी तोरणमाळच्या पायथ्याकडच्या एका पाड्यावरची मुलगी आमच्या शाळेत होती. वसतिगृहात राहायची. घरी पावरी ही डोंगरातली बोली बोलणारी. मराठी शाळेपुरती, तीही जपून. तोंड उघडायची नाही. त्या शेवटच्या तासाला मी शेजारच्याच वर्गात होते. सगळ्या मुलींची उत्तरं संपली, आणि मग हिचा आवाज ऐकू आला. मधे पातळ भिंत होती, शब्द नीट कळला.

"बाई, हा घरी नाही पोचणार."

"का वं?"

"गोल गोल फिरेल. दोन्ही पाय डावेच आहेत."

मी फळ्यावर लिहायची थांबले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग शाळेची घंटा वाजायला लागली. थांबेचना. मी बाहेर धावले तर बाई स्वतः दोन्ही हातांनी टोले देत होत्या, चष्मा गळ्यात, पदर जमिनीवर. सगळे वर्ग बाहेर आले. हेडसर धापा टाकत आले.

"बाई! कोणाच्या परवानगीने?"

"सापडला, सर! उजवा पाय!"

"कुठाय?"

"नही शे! तो नही शे, हे सापडलं!"

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उघड्या दारातून वर्गातल्या सांगाड्याकडे पाहिलं. दोन्ही पावलांचे अंगठे एकाच बाजूला होते. इतकी वर्षं रोज त्याच्यासमोरून गेले होते मी. बाईंना ते खोकं उघडलं त्या दिवशीच दिसलं होतं. तक्रार लिहायला बसल्या, आणि मग वाटलं, असा प्रश्न विकत मिळत नाही.

मुलीला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, आमच्याकडे पायवाटेच्या धुळीत पाऊल बघून कोण गेलं ते ओळखतात. हे पाऊल बघितलं तर मला वाटलं, कोणीतरी एका पायावर उडी मारत गेलं. बाईंनी तिला टेबलावर उभं केलं. "कमरेवर हात ठेव," म्हणाल्या. तिने ठेवले. मी पाहिलेल्या सगळ्या बक्षीस समारंभांत तसा दुसरा नाही.

घंटेच्या गोंधळात बाकीच्या वर्गांना नेमकं काय सापडलं ते कळलंच नव्हतं. त्या वर्गाने मग आपसात ठरवलं की खालच्या वर्गाला उत्तर सांगायचं नाही. आणि नवल म्हणजे सांगितलंही नाही. पुढच्या प्रत्येक वर्षी एखादीला तरी दिसे, घंटा वाजे, अर्धा दिवस सुट्टी मिळे, आणि गुपित तिथेच राही. आमच्या तळोद्यातल्या कितीतरी बायकांना ते ठाऊक आहे. त्यांच्या नवऱ्यांना नाही. आता तुम्हाला कळलं आहे. तुम्हीही कोणाला सांगू नका.

आम्ही दोघी निवृत्त झालो. शाळेत भिंतीवरचा मोठा पडदा आला, पूर्ण सांगाडाही आला, आणि जुना अर्धा अडगळीत निघाला. बाईंनी तो घरी नेला आणि ओट्यावर उभा केला. दूधवाला बिचकायचा. एकट्या राहत होत्या. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणत, घरात दोन पाय आहेत की माझ्याबरोबर.

मी पडले ते तुम्हाला आठवत असेल. मागच्या दारी मोरीत पाय घसरला आणि मांडीच्या हाडाची मान मोडली. तीच ती बारीक मान. नंदुरबारला ऑपरेशन झालं, मोडलेला गोळा काढून डॉक्टरांनी धातूचा बसवला. फार चांगले डॉक्टर. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला उभं केलं आणि घरी सोडताना बजावलं, वॉकर घ्या आणि रोज चाला. मी घरी आले आणि बसले. तुमचे बाबा सुट्टी काढून आले होते, ते परत गेले. जाताना सगळं ठरवून गेले: घर विकायचं, मी तुमच्याकडे यायचं, खालच्या मजल्यावरची खोली माझी. त्यांचं काही चुकत नव्हतं. जी बाई पलंगावरून न्हाणीपर्यंत जायला घाबरते तिला सातासमुद्रापलीकडून कोण एकटं ठेवेल? पण मला तुमच्याकडे पाहुणी म्हणून यायचं होतं, सामान म्हणून नाही. आणि तरीही मी उठत नव्हते. पाय उचलला की मोरीची ती ओली फरशी डोळ्यांपुढे येई.

एके दिवशी सकाळी दाराशी रिक्षा थांबली. आधी एक मोठं गाठोडं उतरलं, मग बाई. त्यांनी चादर सोडली आणि सांगाडा माझ्या पलंगासमोर उभा केला.

"खुबा बरा व्हयना?"

"डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे."

"मंग काबर बठी ऱ्हायनी?"

त्यांनी सांगाड्याच्या खुब्यावर हात ठेवला. "याले दोन्ही डावा शेतस, तरी उभा शे. तुले एक डावा, एक उजवा. आणि तू बठी ऱ्हायनी?"

"त्याला लोखंडी गज आहे, बाई."

"तुलेबी शे की आत! डॉक्टरनी फुकट टाका का?"

मला हसू आलं. पडल्यापासून पहिल्यांदा. हसतानाच त्यांनी वॉकर पुढे सरकवला.

त्यानंतर त्या रोज आल्या. डॉक्टरांनी कागदावर दिलेले व्यायाम भिंतीला चिकटवले. "त्याने जे हळू सांगितलं ते मी मोठ्याने सांगते, एवढंच." पाऊल कसं पडायचं ते त्यांनी चार शब्दांत बांधून दिलं. आधी टाच. मग तळवा. मग चवडा. शेवटी अंगठ्याने जमीन मागे ढकलायची. "मोठ्याने म्हण. तोंड कामात असलं की भीतीला बोलायला जागा राहत नाही." मी इंग्रजी कविता शिकवलेली बाई, आणि घरभर "टाच, तळवा, चवडा, अंगठा" ओरडत फिरत होते. त्या दोन पावलं मागे. मी वळायला लागले की मागून येई, "कंबर!"

पलंगापासून दारापर्यंत. दारापासून फाटकापर्यंत. मग वॉकर गेला, काठी आली. फाटकाबाहेर मात्र माझं पाऊल अडलं. रस्ता, मोटरसायकली, कुत्री. चौक आमच्या फाटकातून दिसतो, पण मला तो तोरणमाळइतका लांब वाटे. तुमचे बाबा फोनवर विचारत, "आई, तिकिटाचं काय करू?" मी म्हणे, थोडं थांब.

बाईंचं हृदय थकलं होतं. आमच्या ओट्याची पायरी चढून आल्या की आधी भिंतीला टेकत. एक दिवस तसंच टेकून त्यांनी सांगितलं की त्यांनी मेडिकल कॉलेजला देहदान करायचं ठरवलं आहे.

"मन्ही हाडं चांगली शेतस. जाळू काबर? पोरं शिकतील." मग जरा हिरमुसून म्हणाल्या, "मी त्यासले सांगितलं, उजवा पाय तेवढा मन्ही शाळाले द्या. ते म्हणे असं करता येत नाही."

त्या थट्टा करत नव्हत्या.

"गाडी येईल," त्या म्हणाल्या, आणि आता शुद्ध मराठीत, म्हणजे रागावल्याच्या भाषेत. "तू चौकापर्यंत माझ्यामागे चालत यायचं. कोणाच्या खांद्यावर नाही. चाकाच्या खुर्चीत बसून आलीस तर मी उठून परत घरी जाईन."

"बाई, मी अजून फाटकाबाहेर..."

"कृपया लक्ष द्यावे," त्या म्हणाल्या.

थंडीतल्या एका संध्याकाळी त्या गेल्या. झोपेतच. प्रकाशाहून पुतणे आले. अग्नी न देता आत्याला कसं पाठवायचं, यावर अंगणात थोडी कुजबुज झाली. शेवटी थोरला पुतण्या म्हणाला, "आत्यापुढे आपण आजवर कोणी बोललो नाही. आता काय बोलणार?" आणि गाडीला फोन केला. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

आमच्याकडे अशा वेळी बायका दारापर्यंतच जातात. पुढे पुरुष. पण त्या दिवशी पुढे स्मशान नव्हतं, कॉलेजची पांढरी गाडी होती, बाईंच्या गल्लीत वळेना म्हणून आमच्या फाटकाशी उभी केलेली, त्यामुळे पुरुषांना कुठपर्यंत जायचं ते कळेना आणि बायकांना कुठे थांबायचं ते. सगळे आपापल्या जागी उभे. गल्ली बायकांनी भरलेली होती: नर्स, शिक्षिका, शेतातून तशाच आलेल्या, सुरतेहून रात्रीच्या गाडीने आलेल्या. घोटे झाकलेल्या आणि न झाकलेल्या. पुतण्याने आदराने माझ्यापुढे चाकांची खुर्ची आणली. "बसा, काकू. मी ढकलतो."

गाडी हळूहळू निघाली.

मी खुर्चीकडे पाहिलं आणि काठी पुढे टाकली. टाच. तळवा. चवडा. अंगठा. आयुष्यभर त्या माझ्या मागून चालल्या होत्या. त्या दिवशी मी त्यांच्या मागून. रस्ता तिथे थोडा उतरता आहे, ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, तेव्हा खुब्याला कळलं. मी चार शब्द मोठ्याने म्हणत होते हे मला ठाऊकच नव्हतं. शेजारून कोणीतरी तेच म्हणायला लागलं, मग मागून आणखी कोणी. दारात थांबलेल्या बायका रस्त्यावर आल्या होत्या. कोणी कोणाला "या" म्हटलं नाही. साऱ्या गल्लीभर, पाठ केलेल्या धड्यासारखे ते चार शब्द चालले होते, आणि पुतण्या रिकामी खुर्ची ढकलत शेवटी.

चौकात गाडी नंदुरबारच्या रस्त्याला लागली. माझ्या शेजारी एक नर्स उभी होती, डोंगरातून पहिल्या जीपने आलेली. तिने स्वतःच नाव सांगितलं, नाहीतर मी ओळखलं नसतं. मला चाल वाचता येत नाही. तीच, तोरणमाळच्या पायथ्याची. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती बघत होती.

"सरळ गेल्या," ती म्हणाली. आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. मी काठी कोपरात अडकवली आणि मीही ठेवले.

संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. मी सांगितलं, तिकीट काढ, पण जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही. उन्हाळ्यात येते आहे, विमानापर्यंत चालत. सांगाडा आता माझ्या ओट्यावर आहे. दूधवाला माझ्याकडेही बिचकतो.

त्या सकाळी चौकातून परत मात्र मी एकटी आले. सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. रस्ता आता चढता होता. फाटक जवळ आलं तेव्हा मला वाटलं, मागे दोन पावलांवर कोणीतरी चालतं आहे. मी वळून पाहिलं नाही. कंबर वाकडी होते.